गटासोबत, पण एकटीने: भंडारदऱ्याच्या काठावर तंबूतला शनिवार-रविवार

तलावाकाठी तंबूत एक रात्र काढायची इच्छा आहे, पण सोबत कुणी नाही म्हणून बेत पुढे ढकलणारी माणसं मला नेहमी भेटतात. मैत्रिणींच्या सुट्ट्या जुळत नाहीत, घरच्यांना थंडी सोसत नाही, कुणाच्या परीक्षा, कुणाचं ऑफिस. त्यांना मी सांगते की एकट्याने जा, फक्त निर्जन काठावर नको. एखाद्या गटाच्या तळावर आपला तंबू घेऊन जा. जेवण, शेकोटी, गप्पा लोकांसोबत आणि झोप, पहाट, फिरणं आपलं आपण. दोन्हींतलं चांगलं ते पदरात पडतं.

हे जमायला एक अट आहे. झोपायची सोय, उजेड, पिण्याचं पाणी आणि परतीचा प्रवास या चार बाबतींत तुम्ही गटावर अवलंबून नसावं. ही चार सूत्रं तुमच्या हातात असली की गट चांगला निघाला तर मनमोकळं मिसळता येतं, नाही निघाला तर शांतपणे बाजूला होता येतं. पुढचं सगळं याच चार गोष्टींभोवती आहे. उदाहरण म्हणून भंडारदरा घेतलाय, कारण तो काठ माझ्या चांगल्या परिचयाचा आहे. पवना किंवा आणखी कुठल्या जलाशयाकाठीही यातलं बहुतेक लागू पडेल.

जागा आणि मोसम

भंडारदरा अकोले तालुक्यात, अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला आहे. प्रवरा नदीवर इंग्रजांच्या काळात बांधलेलं दगडी विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं आणि त्यामागे पसरलेल्या पाण्याला आर्थर लेक म्हणतात. भोवती कळसूबाई, रतनगड, अलंग-मदन-कुलंगची रांग. धरणाजवळचं मुख्य गाव शेंडी. काठाने पुढे मुरशेत, पांजरे, उडदावणे ही गावं लागतात, तर दुसऱ्या टोकाला रतनवाडी. बहुतेक तळ या गावांतल्या शेतकऱ्यांच्या जमिनीवर असतात. पावसाळ्यात जिथे भात उभा असतो, तीच खाचरं कापणीनंतर तंबूंसाठी मोकळी होतात. हे लक्षात ठेवा, तंबू लावताना याचा थेट संबंध येतो.

पहिल्या वेळेसाठी नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा. भात निघालेला असतो, जमीन कोरडी असते, आभाळ स्वच्छ असतं. थंडी मात्र खरी असते. डिसेंबर-जानेवारीतल्या चांगल्या थंडीत पहाटे पारा एक आकडी होतो, आणि पाण्याजवळच्या ओलाव्यामुळे तो आहे त्याहून जास्त बोचतो. मेअखेर ते जूनच्या पहिल्या सरींपर्यंत काजव्यांचा हंगाम असतो. त्याचं वेड मीही समजू शकते, पण गर्दी, गाड्यांच्या रांगा आणि वनखात्याचे निर्बंध पाहता पहिल्याच खेपेला ते दिवस निवडू नका. भर पावसाळ्यात काठावर तंबू नकोच. पाणी वाढत असतं, माती भुसभुशीत झालेली असते. गावातल्या घरात उतरा.

तारीख ठरवताना कॅलेंडरमध्ये तिथीही बघा. अमावास्येच्या जवळचा शनिवार मिळाला तर आभाळ बघण्यासारखं दुसरं सुख नाही. डिसेंबरात संध्याकाळ सरता सरता कृत्तिका आणि रोहिणी वर आलेल्या असतात, पाठोपाठ पूर्वेला मृग उगवतो आणि त्याच्यामागून व्याध. १३-१४ डिसेंबरच्या आसपास मिथुन राशीतला उल्कावर्षाव असतो, तेव्हा मध्यरात्रीनंतर जागायची तयारी ठेवा. चंद्रप्रकाशात पाणी बघायचं असेल तर पौर्णिमा.

गट कसा निवडायचा

गट साधारण तीन तऱ्हांचे. पहिला, ट्रेकिंग करणाऱ्यांचा. यांच्यात लीडर असतो, वेळा ठरलेल्या असतात आणि अनोळखी माणूस सामावून घ्यायची सवय असते. दुसरा, तळाचा मालक वेगवेगळ्या लोकांचं बुकिंग घेऊन जमवतो तो. तिसरा, ओळखीतल्या कुणाच्या ऑफिसचा किंवा सोसायटीचा. पहिल्यांदाच एकटं जाणाऱ्याने पहिल्या प्रकारचा गट शोधावा असं माझं ठाम मत आहे. तिसऱ्या प्रकारात सगळे एकमेकांना ओळखत असतात, तुम्ही सोडून. त्यात शिरकाव करायला दोन दिवस फार थोडे पडतात.

फोनवर बोला, नुसत्या मेसेजवर भागवू नका. विचारायचं ते सरळ विचारा. एकूण माणसं किती, त्यात बायका किती? लीडर रात्री तळावरच राहणार का? दारूबद्दल काय नियम आहे? स्पीकर लावता का, आणि किती वाजेपर्यंत? स्वच्छतागृहं किती, बायकांचं वेगळं आहे का, त्याच्या वाटेवर दिवा आहे का? तळ नेमका कुठल्या गावात आहे, लोकेशन पाठवाल का? मी माझा तंबू आणला तर फक्त जागेचे आणि जेवणाचे किती घ्याल? तंबू तुमचा घेतला तर त्यात माझ्यासोबत कोण असेल?

दारूच्या आणि स्पीकरच्या प्रश्नावर काय उत्तर येतं ते नीट ऐका. ‘ज्याची त्याची मर्जी, आम्ही काही बोलत नाही’ असं कुणी म्हणालं तर त्याचा अर्थ रात्री तिथे लक्ष ठेवणारं कुणी नाही. असा गट मी सोडून देते. उलट ‘दहानंतर स्पीकर बंद’ असं न विचारता सांगणारा लीडर दिसला की निम्मी काळजी मिटते. उघड्यावरचा ध्वनिक्षेपक रात्री १० ते सकाळी ६ बंद ठेवायचा हा नियम देशभर लागू आहे, तेव्हा तो विचारण्यात संकोच कसला!

पैसे सगळे आधी भरू नका. थोडी रक्कम आगाऊ, उरलेली पोचल्यावर, अशी पद्धत बऱ्याच ठिकाणी चालते.

परतीची सोय, सगळ्यात आधी

बहुतेक जण जायचं कसं ते ठरवतात आणि येताना ‘कुणीतरी सोडेल’ म्हणतात. एकट्या माणसाने उलटं करावं. रविवारी कुठून, किती वाजता, कशाने निघायचं ते पक्कं झाल्यावर मग जायचं बघा.

मुंबईकडून कसारा लोकलने कसाऱ्यापर्यंत किंवा लांबच्या गाडीने इगतपुरीपर्यंत, तिथून घोटी, आणि घोटीहून बारीमार्गे शेंडी. पुण्याकडून संगमनेर, अकोले, राजूर असा रस्ता आहे. नाशिककरांना घोटीवरूनच सोपं. एसटी आणि जीप दोन्ही मिळतात, पण दुपार कलली की वाहनं विरळ होतात. म्हणून शनिवारी शेंडीत उतरल्या उतरल्या स्टँडजवळच्या चहावाल्याला किंवा दुकानदाराला रविवारच्या शेवटच्या एसटीची वेळ विचारून घ्या. एका स्थानिक जीपवाल्याचा नंबरही घ्या. इंटरनेटवरच्या वेळापत्रकापेक्षा ही माहिती कितीतरी भरवशाची असते.

गटाच्या बसने गेलात तरीही हे करा. ‘मला हवं तेव्हा मी निघू शकते’ एवढं माहीत असणं पुरेसं असतं. ते माहीत असलं की निघावंसं सहसा वाटतच नाही.

घरी एका माणसाकडे तळाचं नाव-गाव, लीडरचा नंबर, आणि रविवारी किती वाजेपर्यंत तुमचा फोन यायला हवा ती वेळ लिहून द्या. काठावर नेटवर्कचा भरवसा नाही, एका वळणावर येतं आणि पुढच्या वळणावर जातं. त्यामुळे ‘फोन लागला नाही तर घाबरू नका, पण अमुक वेळेनंतर लीडरला फोन करा’ असं स्पष्ट सांगून निघा. रोख रक्कम सुट्ट्या नोटांत जवळ असू द्या, क्यूआर कोड सगळीकडे असला तरी रेंज सगळीकडे नसते.

पाठपिशवी

सामानाच्या याद्या हव्या तेवढ्या मिळतात, मी फक्त जिथे लोक चुकतात तेवढं सांगते.

थंडी खालून लागते. महागडी झोपायची पिशवी घेऊन पातळ चटईवर झोपलेला माणूस रात्रभर कुडकुडतो, कारण अंगाखाली दबलेल्या पिशवीत हवाच उरत नाही आणि जमीन ऊब ओढून घेते. आधी जाड फोमची मॅट घ्या, पैसे उरले तर पिशवी. घरी असेल तर घोंगडी मॅटवर अंथरा, तिच्यासारखी ऊब नाही. पिशवी घेताना तिच्यावरचे तापमानाचे दोन आकडे बघा, कम्फर्ट (इथपर्यंत आरामात झोप लागते) आणि लिमिट (इथपर्यंत जेमतेम रात्र निभते). दुकानदार लिमिटचा आकडा मोठ्याने सांगतो, तुम्ही कम्फर्टचा धरा. बायकांनी तर नक्कीच, कारण कम्फर्टचा आकडा बायकांच्या आणि लिमिटचा पुरुषांच्या प्रमाण शरीरावरून काढतात. भंडारदऱ्याच्या थंडीला कम्फर्ट ५ ते १० अंश चालून जातं.

कपड्यांत एक जोड फक्त झोपण्यासाठी राखून ठेवायचा. मोजे, बनियन, पायजमा, कानटोपी, सगळं कोरडं, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेलं. दिवसभर घातलेले कपडे घामाने ओलसर असतात आणि त्यांतच झोपलं की पहाटे दात वाजतात.

उजेडासाठी डोक्याला बांधायची बॅटरी, जादा सेल, शिवाय एक छोटी टॉर्च. मोबाइलची टॉर्च हिशेबात धरू नका. पाणी निघताना दोन लिटर, आणि ती बाटली रात्री रिकामी न होऊ देणं. ताट, वाटी, पेला, चमचा आपला. शिट्टी गळ्यात. औषधांत रोजच्या गोळ्या, ओआरएस, बँडेज, अ‍ॅलर्जीची गोळी. दम्याचा पंप असेल तर तो खिशात ठेवा, पाठपिशवीच्या तळाशी नाही. पाळीची तारीख जवळ असो वा नसो, पॅड आणि ते परत आणायला घट्ट बंद होणारी पिशवी बरोबर घ्या.

गटासाठी काहीतरी एक न्या. चिप्सची पाकिटं सगळेच आणतात. घरचा चिवडा, शेंगदाण्याची चिक्की, डझनभर लिंबं किंवा चांगली चहापत्ती आणि आलं न्या. आल्याचा तुकडा काढणाऱ्या माणसाशी सकाळी सगळे बोलतात.

सगळं मिळून दहा-बारा किलोच्या वर जाऊ देऊ नका.

पोचल्यावर: उजेड असताना तंबू

डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो आणि डोंगराआड तो त्याआधीच जातो. म्हणून चार वाजेपर्यंत तळावर पोचा. चहा, ओळखी, फोटो नंतर. आधी जागा.

पाण्याला अगदी चिकटून तंबू लावायचा मोह सगळ्यांना होतो, कारण फोटो तिथलाच छान येतो. पण थंड हवा जड असते, उतारावरून घरंगळत ती रात्री पाण्याच्या पातळीला येऊन बसते, आणि दवही तिथेच सर्वांत जास्त पडतं. काठापासून तीस-चाळीस पावलं वर, एक-दोन खाचरं सोडून जागा घेतलीत तर फरक अंगाला जाणवतो. खाचराचा बांध वाऱ्याच्या बाजूला येईल असं बघा, दोन फुटांचा बांधसुद्धा चांगला आडोसा देतो. पाणी वाहून गेलेल्या ओहळाच्या रेषेत किंवा एकट्या वाळक्या झाडाखाली तंबू नको.

माणसांच्या हिशेबानेही जागा निवडा. स्पीकर आणि शेकोटीपासून लांब, पण हाक ऐकू जाईल इतक्या अंतरावर. शेजारी एखादं कुटुंब किंवा बायकांचा तंबू असेल तर उत्तम. स्वच्छतागृहाच्या वाटेवर असावा, अगदी दाराशी नको.

आता खाचराची जमीन. वरून सपाट दिसते, पण भाताची धसकटं वीतभर अंतरावर उभी असतात आणि वाळली की सुयांसारखी टोचतात. तंबूचा तळ त्यांनी फाटतो, हवेची गादी तर पहिल्याच रात्री बसते. बुटाने घासून धसकटं आडवी करा, ढेकळं फोडा, खडे वेचा. मग जमिनीवर स्वतः आडवं होऊन बघा. उभं राहून न दिसणारा उतार पाठीला लगेच कळतो. उतार असेलच तर डोकं वरच्या बाजूला.

खाली ताडपत्री अंथरा, मात्र ती तंबूच्या तळापेक्षा चार बोटं लहान असू द्या. मोठी असेल तर कडा आत दुमडा. बाहेर डोकावणाऱ्या कडेवर पडलेलं दव थेट तुमच्याखाली येतं. दार वाऱ्याकडे नको, वारा कळत नसेल तर ओढणी हातात धरून उभं राहा. खुंट्या ठोकताना त्यांचं डोकं तंबूपासून बाहेरच्या बाजूला झुकलेलं हवं, साधारण ४५ अंशांत. सरळ उभी ठोकलेली खुंटी वाऱ्याच्या पहिल्या झटक्याला वर येते. मुरमाड जागी खुंटी शिरत नसेल तर दोरी मोठ्या दगडाला गुंडाळा, हात दुखवत बसू नका. सगळ्या दोऱ्यांना पांढऱ्या चिंध्या बांधा, रात्री अंधारात कुणीतरी अडखळतंच.

वरचं कापड ताणून घ्या, आतल्या कापडाला ते कुठेही चिकटता कामा नये. हवेच्या खिडक्या उघड्याच ठेवा. थंडी वाजते म्हणून त्या बंद केल्या तर तुमच्याच श्वासातली वाफ कापडावर जमते आणि पहाटे चेहऱ्यावर थेंब पडायला लागतात. लोक म्हणतात तंबू गळतो. तंबू गळत नसतो, त्याला श्वास घ्यायला जागा नसते.

संध्याकाळ आणि माणसं

तंबू उभा राहिला की लीडरला भेटून तीन गोष्टी सांगून टाका. मी एकटी आले आहे. माझा तंबू तो तिथे आहे. सकाळी लवकर उठून मी अमुक बाजूला फिरायला जाणार आहे. औषधाची किंवा अ‍ॅलर्जीची काही बाब असेल तर तीही. मग गटातली एक व्यक्ती हेरून तिच्याशी नंबरांची देवघेव करा. सगळ्यांशी ओळख व्हायलाच हवी असं नाही, एकीशी नक्की हवी.

‘एकटीच आलात? घरचे सोडतात?’ हा प्रश्न येणारच. त्यात बहुतेकदा कुतूहलच असतं. ‘हो, मला आवडतं’ एवढं हसून सांगितलं की पुढे गप्पा सुरू होतात, आणि बऱ्याचदा विचारणारीच म्हणते की मलाही यायचं होतं गं. घराचा पत्ता, कामाचं ठिकाण यांबद्दल मात्र पहिल्या संध्याकाळी मोघम बोलावं.

गटात शिरायची सगळ्यात सोपी वाट स्वयंपाकाकडून जाते. शेकोटीभोवतीची ओळखपरेड संपेपर्यंत माणसं अवघडलेली असतात, पण लसूण सोलायला बसलं की पाच मिनिटांत बोलती होतात. तळावर जेवण बहुतेकदा जमिनीच्या मालकाच्या घरच्या बायकाच करतात. त्यांच्या चुलीपाशी थोडा वेळ बसाच, परवानगी विचारून. तांदळाच्या पिठाची उकड गरम असतानाच मावशी हाताला पाणी लावून मळतात. गोळा परातीत ठेवून तळव्याच्या कडेने थापत तो फिरवत नेतात. भाकरी तव्यावर पडली की वरून पाण्याचा हात फिरतो, पाणी सुकण्याच्या आत ती उलटते, आणि मग विस्तवाच्या तोंडाशी उभी करताच टम्म फुगते. सोबत पिठलं, ठेचा, कांदा. अशा वेळी त्यांना गावाबद्दल विचारा. यंदा पाणी किती वर आलं, बिबट्या कुठे दिसला, काठावर कुठली जागा धोक्याची, हे लीडरपेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं. तिथल्या मुलांना चॉकलेटं वाटू नका आणि न विचारता कुणाचे फोटो काढू नका.

शेकोटी तळावर ठरलेल्या जागीच, घमेल्यात किंवा दगडांच्या रिंगणात. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याला लागून आहे, आणि थंडीत डोंगरउतारावरचं गवत वाळून कोळ झालेलं असतं. एका ठिणगीने वणवा लागतो. लाकडं जंगलातून आणू नका, गावकऱ्याकडून विकत घ्या. विझवताना पाणी ओता, राख ढवळा, पुन्हा पाणी ओता आणि हात वर धरून ऊब लागत नाही ना ते बघा.

अंताक्षरी, गप्पा, दम शेराज, जे चाललं असेल त्यात तास-दीड तास मनापासून सामील व्हा. आपल्याला एकांत हवाय म्हणून सुरुवातीपासून कडेला बसणाऱ्या माणसाकडे सगळ्यांचं लक्ष जातं, त्याची चौकशी होत राहते आणि एकांत काही मिळत नाही. जेवणानंतर ‘मी आता तारे बघायला जाते, सकाळी भेटू’ असं सांगून उठलात तर कुणी अडवत नाही. न सांगता मात्र उठू नका, मागे शोधाशोध होते.

आणि वातावरण बिघडलंच, कुणाला दारू चढली, कुणी अंगचटीला येऊ लागलं, तर वाद घालत बसू नका. लीडरला सांगा, ओळख झालेल्या मैत्रिणीच्या तंबूशेजारी तंबू हलवा. तेही पुरेसं वाटलं नाही तर मालकाच्या घरी जाऊन ओटीवर झोपायला जागा मागा. गावात बाईमाणसाला नाही म्हणत नाहीत. गरज पडली तर ११२ लावा.

पाण्याबद्दल

हा भाग कृपया दोनदा वाचा.

जलाशय हा नैसर्गिक तळ्यासारखा उथळ होत जाणारा नसतो. धरण बांधण्यापूर्वी इथे दरी होती, शेताचे बांध होते, ओढे होते, ते सगळं पाण्याखाली तसंच आहे. गुडघाभर पाण्यातून एक पाऊल पुढे टाकलं की पुरुषभर खोल लागू शकतं. त्यात भर गाळाची. हिवाळा-उन्हाळ्यात खालच्या तालुक्यांतल्या शेतीसाठी आवर्तनं सुटतात, म्हणजे धरणातून ठरावीक वेळी पाणी सोडतात, मग काठाचं पाणी मागे सरतं आणि उघड्या पडलेल्या काठावर वरून भेगाळलेली, कोरडी दिसणारी माती राहते. तिच्याखाली ओला गाळ असतो. पाय पिंढरीपर्यंत रुतला की घाबरून दुसरा पायही जोरात टाकला जातो आणि माणूस जागच्या जागी अडकतो.

म्हणून पोहायचं नाही. स्विमिंग पूलमध्ये कितीही लांब पोहत असलात तरी नाही. थंड पाण्यात अचानक उतरलं की श्वास आपोआप धापांसारखा होतो, तेव्हाच नाकातोंडात पाणी जातं. दारू प्यालेल्याने तर काठाशीही जाऊ नये. पाय बुडवायचे असतील तर जिथे गावकरी म्हशी धुतात किंवा कपडे धुतात तिथे, उजेडात, कुणीतरी सोबत असताना. बोटीत बसायचं तर लाइफ जॅकेट बांधूनच, आणि ते अंगावर घट्ट बसलंय ना ते खांद्यांवरून वर ओढून बघा.

कुणी बुडताना दिसलं तर मागे उडी मारू नका. बुडणारा माणूस वाचवणाऱ्याला धरतो आणि दोघं जातात. ओरडून माणसं बोलवा. दोरी, बांबू, साडी, ओढण्या एकमेकींना बांधून फेका. झाकण घट्ट लावलेला पाण्याचा रिकामा कॅन फेकला तरी त्याला धरून माणूस तरंगतो. तळावर असा एखादा कॅन आणि दोरी कुठे आहे, ते शनिवारीच बघून ठेवा.

हेच पाणी खाली लोकांच्या घरांत आणि शेतांत जातं. काठावर साबण, शाम्पू, भांडी नकोत. स्वच्छतागृह नसेल किंवा वापरण्याजोगं नसेल तर पाण्यापासून किमान सत्तर-ऐंशी पावलं लांब, वीतभर खड्डा खणून नंतर मातीने बुजवा.

रात्र

झोपण्यापूर्वी राखून ठेवलेले कोरडे कपडे चढवा. चिक्कीचा तुकडा किंवा गूळ-शेंगदाणे खा, पोटात काही असलं की अंग तापतं. गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून पिशवीत पायांशी ठेवा. फोन आणि पॉवर बँकही पिशवीतच घ्या, थंडीत बॅटरी भराभर उतरते. पिशवीत तोंड घालून श्वास सोडू नका, आत ओल होते. तोंड बाहेर, कान झाकलेले.

विस्तव तंबूत कधीही नाही. कोळशाची शेगडी नाही, गॅस नाही, निखाऱ्यांचं घमेलं ‘जरा उबेला’ म्हणूनसुद्धा नाही. जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, गुंगी येते आणि माणूस झोपेतच जातो. शेजारच्या तंबूत कुणी असं करताना दिसलं तर उठून सांगा. ओळख नसली तरी.

खाणं तंबूत ठेवू नका, झाकून स्वयंपाकघरात द्या. बिबट्याची भीती सगळ्यांना असते, पण रात्री तंबूशी हुंगत येतात ती बहुतेक वेळा गावची कुत्री. बूट आत घ्या, नाहीतर ती पळवतात. सकाळी बूट उलटे करून झटका, विंचू उबेला शिरतो. रात्री बाहेर पडताना आधी दाराबाहेर उजेड टाका, मग पाय. फुरसं किंवा घोणस थंडीत कमी दिसत असली तरी ही सवय लावून घ्या. साप चावलाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यांतलं काही करू नका. अंगठ्या-बांगड्या काढा, तो अवयव हलू देऊ नका, १०८ लावा आणि मिळेल त्या गाडीने राजूरच्या दिशेने सरकारी रुग्णालय गाठा.

रात्री मध्येच ‘टिटिव्-टिव्’ असा कर्कश ओरडा येतो. ती टिटवी. झोपा.

रविवार

गटाला जाग येते आठला. तुमचा खरा वेळ त्याआधीचा. साडेसहाच्या सुमाराला उठा, कुणाला तरी सांगितलेल्याच दिशेने काठाकाठाने चाला, आणि पाण्यापासून थोडं वरून. पाण्यावर धुकं असतं, रतनगडाच्या माथ्यावर पहिली किरणं पडतात आणि खाली अजून सावलीच असते. वाळक्या फांदीवर पंख पसरून पाणकावळा बसलेला दिसेल, खंड्या सुळकन पाण्यात शिरेल. घाई करू नका. तासाभराने परत आलात की चहा तयार असतो.

पोह्यांनंतर गट कुठे जाणार ते विचारा. रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर बघण्याजोगं आहे, कोरीव काम निवांत फिरून बघा. गाडीची सोय असेल तर तलावाला वळसा घालणाऱ्या रस्त्याने जाता येतं. कळसूबाई मात्र त्याच सकाळी करू नका. १६४६ मीटरचं राज्यातलं सर्वांत उंच शिखर आहे ते, बारीतून चढून-उतरून दिवस लागतो, आणि अर्धवट झोपेनंतर उशिरा निघून शेवटची एसटी गाठायची घाई अंगाशी येते. त्यासाठी वेगळा शनिवार-रविवार काढा.

तंबू ऊन लागल्यावर आवरा. वरचं कापड उलटं करून बांधावर पसरा, अर्ध्या तासात दव उडतं. खुंट्या मोजून घ्या, धसकटांत एखादी राहतेच. कचऱ्याची पिशवी तळावर सोडू नका, गावात तो उचलायला गाडी येत नाही आणि मागे जाळला जातो. ती शहरात घेऊन जा. उरलेले पैसे चुकते करा, चुलीपाशी जाऊन मावशींचा निरोप घ्या, आणि ओळख झालेल्या मैत्रिणीला सांगून निघा. गटाच्या बसने न जाणार असाल तर लीडरलाही, नाहीतर बस तुमच्यासाठी थांबून राहते.

रेंज आल्याबरोबर घरी फोन.

घरी पोचल्यावर कितीही दमला असलात तरी तंबू पिशवीतून बाहेर काढा. पंख्याखाली, दोरीवर, दारावर, जमेल तिथे दोन दिवस पसरून ठेवा. वरून कोरडा वाटला तरी शिवणीत ओल राहते आणि आठवड्यात बुरशीचे काळे ठिपके उठतात, ते मग जात नाहीत. झोपायची पिशवी गुंडाळून न ठेवता सैल, टांगून ठेवा. आणि खुंट्यांची माती धुऊन, पुसून, मगच बांधा.